मदत हवी आहे: जुनी आरसी बोट, शाफ्ट जाम, आणि बजेट जेमतेम

मंडळी, एक रिमोटवाली मॉडेल बोट पदरात पडलीये. सेकंड हँड म्हणून घेतली पण एकंदर अवतार बघता चौथा-पाचवा हात तरी असेल. दोनेक फूट लांब, स्पीडबोट छाप, हल (बोटीचं बाहेरचं अंग) प्लास्टिकचा, आत ५४० साइजची ब्रश मोटर. विकणारा म्हणाला "चालू आहे, फक्त बॅटरी टाका". हो, अगदी. बॅटरी म्हणजे ७.२ व्होल्टचा निकेल कॅडमियम पॅक, टोकांवर पांढरी बुरशी धरल्यासारखी पावडर, चार्ज घेतच नाही.

रिमोट २७ मेगाहर्ट्झचा, ती लांब ओढायची अँटेनावाला, आणि रिसीव्हरमधला क्रिस्टल (फ्रिक्वेन्सी ठरवणारा छोटा तुकडा) कोणीतरी काढून नेलाय. स्पीड कंट्रोल तर म्युझियममध्ये ठेवण्यासारखा, म्हणजे एक सर्वो (रिमोटच्या इशाऱ्यावर फिरणारी छोटी मोटर) एक दांडी फिरवतो, दांडी रेझिस्टरवर घासते, अर्ध्या स्पीडला ठेवलं की करंट रेझिस्टर तापवण्यात जातो. ते बघून हसू आलं पण बनवणाऱ्याचं कौतुकही वाटलं.

खरी डोकेदुखी शाफ्टची आहे, म्हणजे नळीतून मोटरपासून प्रोपेलरपर्यंत जाणाऱ्या दांड्याची. कपलिंग (मोटर आणि शाफ्ट जोडणारा तुकडा) सोडवून मोटर दुसऱ्या बॅटरीवर लावली तर मस्त फिरते, मल्टीमीटरवर दीड-दोन अँपिअर. कपलिंग जोडलं की लगेच सहाच्या वर, तेही पाण्याबाहेर, आणि मिनिटभरात मोटरला हात लावता येत नाही. प्रोपेलर बोटाने फिरवला तर एका ठरावीक जागी अडकतो मग सुटतो. शिवाय टबात ठेवली तर दहा मिनिटांत तळाला वाटीभर पाणी. कुठून येतं ते कळत नाहीये.

पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत सध्या. आधी नवीन रेडिओ (रिमोट आणि रिसीव्हरचा सेट) घेऊ, की ब्रशलेस मोटर (ब्रश नसलेली, जास्त ताकदीची) घालून एकदाच काय ते मिटवू? रंगही उडालाय पण ते नंतर बघू.

प्रतिसाद १

ब्रशलेसचं खूळ आत्ता डोक्यातून काढा. जाम शाफ्टला ताकदवान मोटर लावलीत तर तो जास्त जोरात जाम होईल, बाकी काही नाही 😄 मोटर चांगली आहे, तुमच्याच आकड्यांवरून दिसतंय.

एकाच जागी अडकतो म्हणजे बहुतेक शाफ्ट वाकलाय, नाहीतर मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत. शाफ्ट बाहेर ओढा (आत जुनं ग्रीस काळ्या डिंकासारखं घट्ट झालेलं असणार, केरोसीनमध्ये भिजवून काढा), पुसून काचेवर लोळवा. डोळा काचेच्या पातळीला आणा, खालून उजेडाची फट उघड-मीट होताना दिसली तर वाकलाय. सरळ असेल तर मोटरचे स्क्रू ढिले करून मोटर थोडी थोडी सरकवा, प्रोपेलर अलगद फिरायला लागला की तिथेच आवळा. परत बसवताना नळी पाण्याने न धुपणाऱ्या ग्रीसने भरा, ते ग्रीस पाणीही अडवतं.

गळतीसाठी उलटी ट्रिक. हल बाहेरून कोरडा करून टाल्कम पावडर मारा आणि पाणी आतून ओता, जिथे पावडर ओली होईल तिथे भोक. पण हलला खालून नीट आधार द्या, पाण्याचं वजन असतं.

पैसे रेडिओवर. क्रिस्टल शोधत बसू नका, ते जोडीचे लागतात, दोघांत ४५५ किलोहर्ट्झचा फरक ठेवून. साधा दोन चॅनलचा २.४ गिगाहर्ट्झ सेट आणि रिव्हर्सवाला ब्रश ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोल), झालं. ईएससीच रिसीव्हरला ५ व्होल्ट देतो, जुना सेलचा डबा काढून टाका, दोन्ही एकदम जोडू नका. रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, २.४ पाण्यातून जात नाही. बॅटरी सहा सेलची निकेल मेटल हायड्राइड पुरे. लिपो (लिथियम पॉलिमर) घालायची तर ईएससीला लिपो कटऑफ (व्होल्टेज फार खाली गेलं की मोटर थांबवणारी सोय) आहे का आधी बघा. आणि तो कॅडमियमवाला पॅक कचऱ्यात टाकू नका, विषारी असतो.

मूळ धागाकर्ता

काचेवर लोळवला. वाकलाय! अगदी केसभर, पण फट दिसते. नवीन शाफ्ट आणि कपलिंग घेतो, रेडिओ पुढच्या महिन्यात.

पावडरवाली ट्रिक तर भारीच. शाफ्टची नळी हलमधून जिथे बाहेर येते तिथे गोल ओली रेघ उमटली, जुना गोंद सुटलाय. खरवडून सँडपेपर मारून चोवीस तासवाला इपॉक्सी लावणार आहे, पाच मिनिटवाला पाण्यात तितका टिकत नाही असं वाचलं.

पण अजून एक निघालं. रडरची (सुकाणूची) दांडी जिथून वर येते तिथेही एक थेंब जमतो, पुसला की परत मिनिटभराने. ती जागा फिरती आहे, इपॉक्सी तर लावता येणार नाही. नुसत्या ग्रीसवर भागेल की वरून ओ-रिंग (रबरी कडं) घालू?