पानं पिवळी म्हणजे खत कमी, असं नाही

कुंडीतल्या रोपाची खालची पानं पिवळी पडली म्हणजे नायट्रोजन कमी, थोडा युरिया टाका, असं बरेच जण सांगतात. माती कोरडी असेल तर बघू. पण माती ओली आणि पान पिवळं होऊन लोंबतंय म्हणजे बहुतेक वेळा पाणीच जास्त झालंय, मुळांना हवा नाही. त्यावर खत म्हणजे आजारी माणसाला मटण.

मी बेळगावात टिळकवाडीच्या घरात एलईडी दिव्याखाली पहिल्यांदा ब्याडगी मिरची लावली ती नेमकी जुलैत. आमच्याकडे तेव्हा कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, कुंडी कुठली वाळायला! आणि मी रोज तांब्याभर पाणी. माती खानापूरकडची नुसती लाल, कुंडीत विटेसारखी बसली. पंधरवड्यात वर हिरवट थर, बारीक काळी चिलटं आणि सहापैकी चार रोपं बुडख्याशी सडून आडवी.

उरलेली दोन मातीत निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालून दुसऱ्या कुंडीत लावली, जवळ टेबल फॅन एकवर. पाणी वार बघून नाही, कुंडी उचलून. हलकी लागली तरच. चिलटांची अंडी वरच्या ओल्या थरात असतात, तो थर वाळू दिला की तीही कमी होतात.