कौन्सिलच्या कार पार्कमधला दंड: अ‍ॅपमध्ये जुन्या गाडीचा नंबर गेला, भरावा की हरकत घ्यावी?

प्रश्न
इंग्लंडमध्ये, लंडनबाहेर. कौन्सिलच्या कार पार्कमध्ये अ‍ॅपवरून दोन तासांचे पैसे भरले, पण अ‍ॅपमध्ये विकलेल्या गाडीचा नंबर तसाच निवडलेला राहिला. काचेवर पीसीएन (पेनल्टी चार्ज नोटीस, म्हणजे दंडाची नोटीस) लावली आहे: कोड ७३ (पार्किंगचे पैसे न भरल्याचा), दंड ५० पौंड, १४ दिवसांत भरल्यास २५. पैसे तर कौन्सिलला मिळालेत. हरकत घेतली आणि नाकारली गेली तर सवलत जाते का? उत्तरच न देता गप्प बसावं असंही काही जण सुचवतात.

लीड्सकर
हरकत घ्यायची असेल तर आधी २५ पौंड भरू नका. पैसे भरले की प्रकरण बंद होतं, मग दाद मागता येत नाही.

नोटीस काचेवर लावली तो दिवस पहिला धरून १४ दिवस मोजा. त्या मुदतीत पोचलेली हरकत नाकारली गेली, तर सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सवलतीचा दर आणखी १४ दिवसांसाठी पुन्हा द्यायला हवा. बहुतेक कौन्सिलं देतात. पंधराव्या दिवशी पाठवलीत तर मात्र ५० भरायची तयारी ठेवा.

नोटिशीवर ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ आणि कौन्सिलचं नाव आहे ना, तेही बघा. खासगी कंपन्यांची ‘पार्किंग चार्ज नोटीस’ हीसुद्धा पीसीएनच म्हणवते, पण तिचे नियम आणि अपिलाची जागा वेगळी.

कागदपत्रवाला
‘पैसे मिळालेत’ एवढ्यावर भागणार नाही. पैसे या गाडीच्या नावावर भरलेले नाहीत, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या उल्लंघन झालंय. तुम्ही कौन्सिलकडे तिच्या अधिकारात दंड माफ करण्याची विनंती करताय, आणि पत्राचा सूर तसाच हवा. नियम चुकीचा आहे वगैरे वाद घालू नका.

कौन्सिलला शंका एकच असते: त्याच पैशांवर दुसरी गाडी तर उभी नव्हती? ती शंका कागदांनी संपवा. अ‍ॅपची पावती जोडा, तिच्यावर तारीख, सुरू-संपल्याची वेळ आणि जागेचा कोड दिसला पाहिजे. जुनी गाडी विकल्यावर तुम्ही आता कीपर (नोंदणीत नाव असलेला वाहनधारक) नाही असं कळवणारं डीव्हीएलएचं (वाहननोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेचं) पत्र किंवा ईमेल येतो, तो जोडा. हाच सगळ्यात वजनदार पुरावा, आणि नेमका तोच लोक जोडत नाहीत. सोबत नव्या गाडीच्या व्ही५सीची (नोंदणी प्रमाणपत्राची) प्रत. पत्र दहा ओळींत संपवा, पीसीएन नंबर वर लिहा, ऑनलाइन पाठवलंत तर पोच जपून ठेवा.

एखादं अक्षर चुकलं असेल, ओच्या जागी शून्य पडलं असेल, तर काम आणखी सोपं. पूर्ण वेगळ्या नंबराला पुरावा जास्त लागतो.

मुदतमोजे
गप्प बसण्याचा सल्ला अजिबात ऐकू नका. कौन्सिलचा दंड वसूल व्हायला नेहमीसारखा दावा लावावा लागत नाही. २८ दिवसांत पैसे आले नाहीत की गाडीच्या कीपरला ‘नोटीस टू ओनर’ येते. तिला २८ दिवसांत उत्तर द्यायचं, हीच औपचारिक हरकत. काचेवरच्या नोटिशीला घेतलेली पहिली, अनौपचारिक हरकत आधी नाकारली गेली असली तरी ही नव्याने घ्यावी लागते. औपचारिक हरकतीला कौन्सिलने ५६ दिवसांत उत्तर दिलं नाही तर ती मान्य झाली असं धरतात. ही ५६ दिवसांची अट पहिल्या, अनौपचारिक हरकतीला लागू नाही. इथे बरेच जण फसतात.

नकार आला तर २८ दिवसांत ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्यूनलकडे (कौन्सिलपासून स्वतंत्र असलेल्या लवादाकडे) अपील. फी नाही, सगळं ऑनलाइन. लंडनमधल्या दंडांसाठी लंडन ट्रायब्यूनल्स. तुमच्यासारख्या प्रकरणात निव्वळ सहानुभूतीवर ट्रायब्यूनल दंड रद्द करू शकत नाही. कौन्सिलने फेरविचार करावा अशी शिफारस करतं, आणि कौन्सिलला ३५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. या टप्प्यापर्यंत गेलात तर २५ ची सवलत सहसा उरत नाही, हे धरूनच पुढे जा.

काहीच केलं नाही तर ‘चार्ज सर्टिफिकेट’ येतं आणि दंड दीडपट होतो, ५० चे ७५. मग नॉर्थॅम्प्टनच्या ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरमध्ये नोंद, वर कोर्ट फी, आणि शेवटी बेलिफ, म्हणजे घरी येणारे वसुली अधिकारी.

लीड्सकर
व्ही५सीवर जुना पत्ता असेल तर आजच बदला, डीव्हीएलएकडे फुकट होतं. ‘नोटीस टू ओनर’ त्याच पत्त्यावर जाते. ती मिळालीच नाही आणि थेट वसुलीचा आदेश हातात आला, तर २१ दिवसांत टीई९ फॉर्म भरून तसं निवेदन देता येतं. ते स्वीकारलं गेलं की वसुली थांबते. पण त्याने दंड आपोआप रद्द होत नाही, प्रकरण मागच्या टप्प्यावर जातं.

नवा_वाचक
भरलेली वेळ संपून ८ मिनिटं झाली होती. तरी दंड?

मुदतमोजे
इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या कार पार्कमध्ये किंवा रस्त्यावरच्या आखलेल्या जागेत, भरलेली वेळ संपल्यावर १० मिनिटं सूट आहे. पावतीवरची वेळ आणि पीसीएनवरची वेळ शेजारी ठेवून हरकत घ्या, दंड रद्द व्हायला हवा. पिवळ्या रेषांवर ही सूट नाही.