मदत हवी आहे: बोरन्हाणाच्या फोटोंसाठी बूम स्टँड कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. खोली ११ बाय १६ फूट, स्लॅब ९ फुटांवर. जागा भाड्याची आहे आणि मालक भिंतीला ड्रिल लावू देत नाहीत, त्यामुळे भिंतीवरचा आर्म बाद. संक्रांत ते रथसप्तमी बोरन्हाणाचे फोटो भरपूर असतात, त्यासाठीच बूम स्टँड, म्हणजे आडव्या दांड्याच्या टोकाला लाइट धरणारा स्टँड, घ्यायचा आहे.

बाळाला काळं झबलं आणि त्यावर हलव्याचे दागिने. मागचा पडदा गडद असला की केस आणि झबलं त्यात मिसळून जातात, नुसता चेहरा आणि पांढरे दागिने उरतात. मागून-वरून एक लाइट आला की केसांना, खांद्यांना कड मिळते आणि हलव्यावरचा काटा उठून दिसतो. पुढून कितीही लाइट मारला तरी तो काटा सपाटच होतो. साधा स्टँड मागे ठेवला तर फ्रेममध्ये येतो, बाजूला सरकवला तर कड एकाच खांद्यावर पडते. म्हणून बूमच हवा.

गेल्या वर्षी एक स्वस्तातला ऑनलाइन मागवला होता. नॉब प्लॅस्टिकचा. पहिले दोन दिवस ठीक गेले, तिसऱ्या दिवशी दांडा हळूहळू खाली यायला लागला. बाळ पाटावर बसलेलं, आई शेजारी. माझ्या मदतनिसाचं लक्ष होतं म्हणून त्याने सॉफ्टबॉक्स (लाइटवरची कापडी पेटी) वरच्या वर धरला. कुणाला काही झालं नाही, पण त्या दिवशी मी स्टँड गुंडाळून ठेवला तो परत काढलेला नाही.

बोरन्हाण म्हणजे बाळ एका जागी बसलेलं आणि बाकी सगळे हलणारे. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे डोक्यावरून ओतले की आजूबाजूची पोरं वेचायला झडप घालतात. स्टँडचे पाय तिथेच असतात. तेव्हा माझा पहिला प्रश्न प्रकाशाचा नाही, सुरक्षिततेचा आहे.

घरच्या काट्यावर वजन करून पाहिलं: ४०० वॉटचा मोनोलाइट (स्टुडिओचा लाइट) २ किलो ७०० ग्रॅम, सॉफ्टबॉक्स रिंगसकट १ किलो ३०० ग्रॅम. म्हणजे दांड्याच्या टोकाला ४ किलो. बजेट १५ हजारांपर्यंत. सी-स्टँड (वेगवेगळ्या उंचीच्या पायांचा धातूचा स्टँड) घेऊन त्याला ४० इंची आर्म, म्हणजे आडवा दांडा, लावावा, की दांडा आत सरकणारा टू-इन-वन बूम घ्यावा? मागच्या टोकाला वजन किती लावायचं, याचा काही हिशोब असतो का? त्या जुन्या स्टँडला ५ लिटरचा पाण्याचा कॅन लटकवत होते.

प्रतिसाद १

ताई, आधी तो पाण्याचा कॅन डोक्यातून काढा. झोके खातो, आणि गळला तर खाली वायरी आहेत.

हिशोब शाळेतल्या तरफेचाच आहे. पुढचं वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर, तेवढंच मागे यायला हवं. तुमचे ४ किलो टेकूपासून ११० सेंटीमीटरवर असतील तर ४४० झाले. मागचा दांडा ५५ सेंटीमीटर असेल तर ८ किलो लागतील. दांड्याचं स्वतःचं वजनही पुढेच जास्त असतं, म्हणून आणखी थोडं धरा. आणि हे सगळे, म्हणजे १२ किलोंच्या वर, शेवटी त्या एका स्टँडवरच येतात. स्वस्त स्टँड हार मानतात ते इथेच.

म्हणून मी स्टँड बदलण्याआधी लाइट बदलेन. केसांच्या कडेसाठी मोठा सॉफ्टबॉक्स लागतच नाही. छोटा स्ट्रिपबॉक्स (अरुंद सॉफ्टबॉक्स) किंवा नुसता रिफ्लेक्टर, त्यावर हनीकोंब ग्रिड (मधाच्या पोळ्यासारखी जाळी), म्हणजे प्रकाश लेन्समध्ये घुसणार नाही. गोडॉक्स एडी२०० (बॅटरीवरचा छोटा फ्लॅश) असेल तर त्याला वायरवरचं वेगळं हेड मिळतं. हेड टोकाला, बॅटरीसकट बॉडी खाली स्टँडवर. टोकाचं वजन किलोच्या आसपास आलं की सी-स्टँड आरामात चालतो. ४ किलो मात्र ४० इंची आर्मच्या टोकाला लावू नका, ग्रिप हेड (आर्म धरणारा सांधा) फक्त घर्षणावर धरून असतं.

सी-स्टँड घेतलात तर दोन गोष्टी कायमच्या हाताला लावून घ्या. सगळ्यात उंच पाय भाराच्या दिशेला हवा आणि वाळूची पिशवी त्याच पायावर. आर्म तुमच्यापासून लांब जात असेल तर नॉब तुमच्या उजव्या हाताला हवा. मग भार खाली ओढायला लागला की नॉब आणखी आवळला जातो. डाव्या हाताला असेल तर भारच तो सैल करतो. तुमच्या त्या स्टँडचं असंच झालं असेल का, एकदा आठवून बघा.

प्रतिसाद २

टू-इन-वनमध्ये मॅनफ्रोटोचा ४२०बी जुना आणि भरवशाचा नमुना आहे. दांडा स्टँडमध्येच राहतो, हवा तेव्हा आडवा करता येतो. दुसरं काही घेतलंत तर दांडा धरणारा सांधा धातूचाच बघा. चाकांचा मोठा बूम ११ फुटी खोलीत नको, पोरं ढकलतील. मागचं टोक मोठ्यांच्या डोक्याच्या उंचीला येतं, त्याला लाल कापड बांधा. लाइटला स्टीलची सेफ्टी केबल, ती थेट दांड्याला.

मूळ प्रश्न विचारणारी

दोघांचेही मनापासून आभार. जुना स्टँड काढून पाहिला, नॉब डाव्या हातालाच होता. आता सी-स्टँड, हलकं हेड आणि दोन वाळूच्या पिशव्या असं ठरवलं आहे. पाटाभोवती मोठी सतरंजी घालून स्टँडचे पाय तिच्या बाहेर ठेवणार, म्हणजे वेचणारी पोरं सतरंजीवरच राहतील. मात्र त्यामुळे बाळापर्यंतचं अंतर ४० इंचांपेक्षा जास्त भरतंय. किलोभर वजनाला ५० इंची आर्म सी-स्टँडवर कुणी वापरला आहे का? वापरला असेल तर मागे किती वजन लावलं होतं?