शाळेच्या टाकीला सरकारी पैसा लावावा का?

आष्टीकर: आमच्या वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट ६०. जलजीवन या सरकारी नळ योजनेची तोटी बसलीय, पण फेब्रुवारी लागला की तिच्यातून नुसती हवा फुसफुसते. चौथीतली एक पोरगी घरून दोन बाटल्या आणते. एक तिची, एक पहिलीतल्या भावाची. खिचडी खाल्ली की दोन्ही रिकाम्या.

माझं म्हणणं, छताचं पाणी साठवा. १०० चौरस मीटर पत्रा, ७०० मिमी पाऊस, म्हणजे ७०,००० लिटर. वाया जाणारं सोडलं तरी ५०,००० हाती लागतं. पोरामागे रोज २ लिटर धरले तर जानेवारी ते एप्रिलच्या शंभरेक दिवसांना १२,००० लिटरची टाकी पुरते.

शाळामास्तर: पैसा कुठला? ३१ ते १०० पटाला समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेचं संयुक्त अनुदान वर्षाला २५,००० रुपये. त्यातच वीजबिल, दुरुस्ती, साहित्य, शिवाय किमान १० टक्के स्वच्छतेवर. शिकवण्याचा पैसा सिमेंटात घालायचा? पाणी देणं पाणीपुरवठा विभागाचं काम आहे. शाळेनं टाकी बांधली की ते हात झटकून मोकळे.

आष्टीकर: गुरुजी, अनुदानाला हात लावा म्हणतच नाही. २०२१-२६ साठीच्या १५व्या वित्त आयोगाच्या निधीत ग्रामपंचायतीचे ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचे. त्यातले निम्मे पिण्याच्या पाण्याला, पाऊस साठवायलाही चालतात. आणि काम कुणाचंही असो, २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेत सुरक्षित पाणी लिहिलंय. पोरं विभागाची वाट बघत तहानलेली का राहावीत?

माजी_सदस्य: पाच वर्षं पंचायतीत होतो. त्या पैशाची वाट बघत मोटर जळालेली असते, पाइप फुटलेला असतो. गावाचा नळ बंद ठेवून शाळेची टाकी बांधली तर त्याच पोरांच्या आया डोक्यावर हंडे वाहणार. आम्ही एका शाळेत बांधली होती. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडलं नाही, पत्र्यावरची कबुतरांची घाण सगळी आत. पाण्याला वास सुटला. आज तिच्यात सरपण ठेवतात.

आष्टीकर: म्हणजे चूक पाइपाची. पहिले दोन पाऊस बाहेर काढायची तोटी, वर जाळी, घट्ट झाकण, वेळच्या वेळी क्लोरीन. त्याचा खर्च अंदाजपत्रकातच धरा. बोअर म्हणाल तर यवतमाळ-चंद्रपूरच्या गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं पोरांचे दात पिवळे पडलेत.

शाळामास्तर: टाकी पंचायतीच्या नावावर, नळ चालूच राहणार, आणि मे महिन्यात धुण्याची मजुरी कोण देणार हे ठरावात लिहा. मग माझी सही घ्या. तोंडी कबुलीवर नाही.

माजी_सदस्य: १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडा. मी आधी पाइपलाइनच मागणार.