हेल्मेट काढल्यावरचं डोकं: आपापले अनुभव सांगा

कोथरूडची घंटी

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात नवीन आयकार्डं निघाली. मी रोज सायकलने येते, कोथरूड ते बाणेर, पाषाणवरून. सकाळी साडेनऊला घामाघूम होऊन आत शिरले तर दारातच कॅमेरा लावलेला. "मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, पाच मिनिटं द्या. नाही दिली.

आता गळ्यात जे लटकतंय त्यात माझ्या टाळूवरचे केस इस्त्री केल्यासारखे चपटे आहेत, कानांवरचे दोन्हीकडे पंखांसारखे उडालेत आणि कपाळावर हेल्मेटच्या पॅडचा लाल पट्टा आहे. गेटवरचे सिक्युरिटी काका आधी कार्डाकडे बघतात, मग माझ्याकडे, मग पुन्हा कार्डाकडे.

तर मंडळी, तुम्ही काय करता? लांब केस, आखूड केस, तेलकट केस, सगळ्यांनी लिहा. फसलेले उपायही चालतील, किंबहुना तेच जास्त आवडतील. फक्त "हेल्मेट घालू नका" हा सल्ला नको. तो आमच्या मावशीने दिलाय.

बारक्या

वॉशबेसिनचा नळ, डोकं खाली, टॉवेल, कंगवा. दीड मिनिट. पुढचा प्रश्न?

कोथरूडची घंटी

बारक्या, तुझे केस बोटाच्या पेराएवढे असणार. माझे कमरेपर्यंत आहेत. नळाखाली डोकं घातलं तर दुपारच्या डब्यापर्यंत पाठ ओली.

रसायनवाले सर

बारक्याने कारण न सांगता बरोबर उत्तर दिलंय, म्हणून त्याचे अर्धे गुण कापतो.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात. त्याच्या साखळ्या एकमेकींना धरून ठेवतात त्यात हायड्रोजन बंधांचा मोठा वाटा असतो. केस ओला झाला की हे बंध सुटतात, आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात. लहानपणी आई रात्री ओल्या केसांच्या घट्ट वेण्या घालायची आणि सकाळी सोडल्या की केस लहरी निघायचे, ते आठवा. हेल्मेटमध्ये तेच होतं. घामाने केस ओले होतात, वरून दाब असतो, वारा लागून ते तसेच वाळतात. मोदकाचा साचाच म्हणा ना.

म्हणून कोरड्या केसांवर कंगवा कितीही फिरवा, उपयोग नाही. जिथे चपटं झालंय तिथली मुळं पुन्हा ओली करायची, फक्त मुळं, आणि बोटांनी उचलून धरत वाळवायची. सगळे केस भिजवायची गरज नाही. दुसरं म्हणजे हेल्मेट स्टँडवरच काढा. आमच्या कॉलेजातले बरेचजण सायकल लावतात, कुलूप घालतात, फोन बघतात, जिना चढतात आणि स्टाफरूममध्ये येऊन हेल्मेट काढतात. तोवर साचा पक्का झालेला असतो.

कुरळं प्रकरण

सर, हे मला दहा वर्षांपूर्वी कोणीतरी सांगायला हवं होतं. कुरळ्या केसांवर कोरडा कंगवा फिरवला तर काय होतं ते ज्यांचे केस सरळ आहेत त्यांना कळणार नाही. केरसुणी उलटी धरा, तसं.

माझा सध्याचा बेत असा: मानेजवळ एक सैल वेणी, डोक्यावर सॅटिनचा पातळ रुमाल, त्यावर हेल्मेट. सॅटिनवरून केस घसरतात, घासत नाहीत, त्यामुळे पिंजारणं निम्म्याने कमी झालंय. ऑफिसात पोचल्यावर रुमाल काढायचा, लहान स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि चमचाभर कंडिशनर असतं ते मुळांवर मारायचं, मान खाली घालून बोटांनी केस चुरगाळायचे. हो, चुरगाळायचे. विंचरायचे नाहीत.

रुमाल मात्र पातळच हवा. मी आधी जाड सुती ओढणी गुंडाळत होते तर हेल्मेट वर उचललं जायचं आणि मागे सरकायचं. भुवयांच्या वर दोन बोटं एवढंच अंतर हवं, नाहीतर कपाळ उघडं पडतं आणि हेल्मेट घातलं काय, नाही काय.

शेपटावाली

अंबाडा घालणाऱ्यांनो, थांबा. मी मागे प्लॅस्टिकचा क्लच लावून त्यावर हेल्मेट चढवलं होतं. कर्वे रस्त्यावर एका खड्ड्यात चाक गेलं, पडले नाही, नुसता दणका बसला, पण क्लचचे दात डोक्यात रुतले. घरी येऊन बघते तर क्लचचे दोन तुकडे आणि डोक्यावर टेंगूळ. पडले असते तर काय झालं असतं याचा विचार करत नाही.

तेव्हापासून हेल्मेटखाली क्लच नाही, पिना नाहीत, हेअरबँड नाही. मानेपाशी खाली शेपटा बांधते. हेल्मेट घट्ट-सैल करायला मागे जे फिरवायचं चक्र असतं ना, त्याच्या खालून तो बाहेर येतो. उंच शेपटा बांधलात तर तो चक्राच्या पट्टीत अडकतो आणि हेल्मेट काढताना पाच-सहा केस मुळासकट येतात.

चकाचक

मला केस नाहीत. तरी लिहितो, कारण माझं दुःख वेगळं आहे.

हेल्मेटला वाऱ्यासाठी खाचा असतात. गेल्या उन्हाळ्यात सलग तीन रविवार सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. तिसऱ्या रविवारी अंघोळ करून बाहेर आलो तर बायको हसून हसून पलंगावर बसली. खाचांतून ऊन आत आलं होतं आणि टकलावर पुढून मागे लांब काळे पट्टे उमटले होते. ती म्हणाली, खारीच्या पाठीवर रामाची बोटं, तुमच्या डोक्यावर कोणाची?

ते पट्टे दिवाळीपर्यंत टिकले. मधे साडूच्या मुलाचं लग्न झालं. फेट्याचा आग्रह आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः केला. आता आतून पातळ सायकलिंगची टोपी घालतो. केसवाल्यांनाही ती चालेल, घाम शोषते.

सहाशेचा गडी

नऊ किलोमीटरवाल्यांनो, तुमची चेष्टा करत नाही, पण बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब पल्ला कापायची सायकलस्वारी, करणाऱ्याचं डोकं बघा एकदा. सहाशे किलोमीटर, चाळीस तासांची मुदत, हेल्मेट सक्तीचं. दुसऱ्या दिवशी दुपारी केसांना हात लावला तर करकर वाजतात. घाम वाळून मीठ जमलेलं असतं. साताऱ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर हेल्मेट काढलं तर चहा आणणारा पोरगा दोन पावलं मागे सरकला. म्हणाला, "काका, पडलात का कुठं?"

टाकीवर बसून तांब्यातांब्याने डोकं धुतलं. तो गार पाण्याचा पहिला तांब्या मी विसरणार नाही. केस कसे दिसतात याची तेव्हा पर्वा नव्हती, फक्त घरी व्हिडिओ कॉल केला नाही.

मुलुंडकर

केसांवर सगळे बोलतायत, वासावर कोणीच नाही. आतली पॅडं धुता का कधी? ती वेलक्रोने चिकटवलेली असतात, ओढली की निघतात. मी दर रविवारी डोक्याचाच शाम्पू घेऊन बादलीत चुरतो. पहिल्यांदा धुतली तेव्हा पाणी चहासारखं झालं होतं. नंतर सावलीत वाळवायची. हेल्मेट मात्र उन्हात किंवा बंद गाडीत ठेवायचं नाही, आतला फोम थर्मोकोलच्याच जातीचा असतो, त्याला उष्णता मानवत नाही.

मुंबईच्या पावसाळ्यात पॅडं दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून जादा जोड घेऊन ठेवलाय. आणि रात्री डोक्याला तेल चोपडून सकाळी हेल्मेट घालू नका. हे मी आमच्या आईला अजून समजावू शकलेलो नाही.

दक्षिणवारा

मेलबर्नहून. इथे पर्यायच नाही. व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये सायकलला हेल्मेट सक्तीचं केलं, देशभर करण्यात जगात पहिला नंबर ऑस्ट्रेलियाचाच. त्यामुळे बिचाऱ्या केसांची सोयही झाली आहे. आमच्या इमारतीच्या तळघरात सायकली लावायची जागा, शॉवर, लॉकर आणि आरशासमोर हेअर ड्रायर. सकाळी तिथे चारपाच वकीलबाई ओळीने केस वाळवत असतात, गप्पा ऑफिसातल्यापेक्षा चांगल्या रंगतात.

यूट्रेक्टकर

आमच्याकडे उलट. रोजच्या सायकलीवर डच माणूस सहसा हेल्मेट घालत नाही, आणि रस्ताही वेगळा असतो, म्हणून तुलना करू नका. पण केस? वाऱ्याने रोज सकाळी भिजलेल्या चिमणीसारखी अवस्था. हेल्मेटवर सगळं खापर फोडू नये म्हणून सांगितलं.

वाटसरू

म्हणूनच मी हेल्मेट घालत नाही, केस पण नीट आणि डोकं पण थंड.

घाटातला

वाटसरू, बोपदेव घाट उतरताना वळणावर खडी होती. कोपराला सहा टाके, हेल्मेटला आरपार तडा, डोक्याला काही नाही. ते हेल्मेट फेकलं, कारण एकदा मार खाल्लेला फोम दुसऱ्यांदा मार झेलत नाही. केस त्या दिवशीही वाईटच दिसत होते.

सदाशिवचे आजोबा

आमच्या वेळी, म्हणजे १९७० च्या आसपास, पुण्यात सायकलला दिवा नसला किंवा डबलसीट घेतलं तर पोलीस पकडत, डोक्यावर काय आहे हे कोणी बघत नसे. मी केसांचा कोंबडा काढत असे. मागच्या खिशात कंगवा, लकडी पूल ओलांडला की एका दुकानाच्या काचेत बघून एक हात फिरवायचा. दुकानदार आतून बघत असे हे मला फार उशिरा कळलं.

आता नातीच्या धाकाने हेल्मेट घालतो. मोजके केस उरलेत. सरांचा उपाय करून पाहिला, पाणी लावून बोटांनी उचलायचे वगैरे. उचलले. पण ते खाली कुठे पाडायचे हा प्रश्न आला.

कोथरूडची घंटी

आजोबा, तुमच्यासाठी वेगळा धागा काढायला हवा!

आठ दिवसांचा अहवाल देते. सैल वेणी आणि सॅटिनचा रुमाल: जमलं. स्टँडवरच हेल्मेट काढून बोटांनी मुळं सोडवणं: याने सगळ्यात जास्त फरक पडला, फुकटात. स्प्रे: पहिल्या दिवशी जास्त झाला, तेल लावल्यासारखं दिसत होतं. कपाळावरचा पट्टा अजून येतो, पण मागचं चक्र एक घर सैल केल्यावर अर्ध्या तासात जातो, आधी दुपारपर्यंत राहायचा.

आयकार्ड बदलायला गेले तर नवीन कार्डाचे पैसे भरा म्हणाले. नाही भरले. आज सकाळी सिक्युरिटी काकांनी कार्ड बघितलं, मला बघितलं आणि विचारलं, "मॅडम, हे कार्ड कोणाचं आणलंत?"

आता शेवटची शंका. पाऊस सुरू होईल. रेनकोटची टोपी हेल्मेटच्या आतून की वरून?

शेपटावाली

आतून घातलीस तर मान वळवताना टोपी वळत नाही आणि बाजूचं दिसत नाही. वरून बसत नाही. मी हॉटेलात मिळते ती शॉवर कॅप हेल्मेटवर चढवते. खाचा झाकल्या जातात, म्हणून घाम जास्त येतो, पण केस पावसापासून कोरडे. दिसायला भयंकर. त्या दिवशी मात्र कोणाला फोटो काढू देऊ नकोस.