मदत हवी आहे : सरीसृप पाळणाऱ्या नवख्यांना, त्यांचे मन न मोडता, चूक कशी दाखवावी?

नमस्कार मंडळी,

मी विक्रोळीला राहते आणि गेली सतरा वर्षे रेड-इअर्ड स्लायडर जातीची दोन कासवे पाळते. मुंबई-ठाण्यात सरीसृप पाळणाऱ्या चाळीसेक जणांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे आणि त्यात नव्याने येणाऱ्यांना आम्ही पाच-सहा जुनी माणसे जमेल तसे मार्गदर्शन करतो. गेल्या वर्षी या कामात आमच्याकडून, त्यातही माझ्याकडून, एक चूक झाली. ती पुन्हा होऊ नये म्हणून तुमचा सल्ला हवा आहे.

जानेवारीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा गटात आला. त्याने हिरव्या इग्वानाचे (हा पाला खाणारा मोठा सरडा) पिल्लू आणले होते, शेपटीसकट वीतभर. मुलगा हुशार आणि कष्टाळू. पिंजरा त्याने जुन्या कपाटाच्या फळ्या आणि जाळी वापरून स्वतः बनवला होता. एप्रिलपर्यंत पिल्लू चांगले वाढले, हातावर बसून खाऊ लागले, आणि तो इतरांना सल्ले देऊ लागला. त्याचे म्हणणे असे की मुंबईत बारा महिने उकडते, तेव्हा दिव्यांची थेरे थंड देशांतल्या लोकांना ठीक आहेत; आपल्याकडे खिडकीतून येणारे सकाळचे ऊन पुरते. मे महिन्यात एका नवीन मुलीने यूव्हीबी दिवा (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) कोणता घ्यावा असे विचारले, तेव्हा त्याने 'पैसे वाया घालवू नकोस' असे ठामपणे लिहिले. त्यावर आमच्यातल्या एकाने त्याला सर्वांसमोर चांगलेच सुनावले आणि मीही 'चार महिन्यांत कोणी तज्ज्ञ होत नाही' असे लिहिले. माझे वाक्य खोटे नव्हते, पण तो त्याच रात्री गट सोडून गेला.

ऑगस्टमध्ये एका रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी करी रोडला त्याच्या घरी गेले. इग्वाना टॉवेलवर पडून होता. हातावर घेतल्यावर ज्या बोटांनी त्याने मनगट घट्ट धरायला हवे होते, ती बोटे नुसती थरथरत होती. मागचे पाय फरफटत होते आणि खालचा जबडा दोन्ही बाजूंनी फुगला होता. वाटीत काकडी आणि पालक होता. दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, तेव्हा मांडीचे हाड आजूबाजूच्या मांसापेक्षा जेमतेम पांढरे दिसले, म्हणजे हाडांतले कॅल्शियम पार उतरले होते. परतताना टॅक्सीत तो म्हणाला, "काकू, दीड महिन्यापासून तो नीट चढत नव्हता. पण विचारायला तोंड नव्हतं."

इग्वाना वाचला. जबडा मात्र वाकडाच राहिला आहे.

त्या दीड महिन्याचा विचार माझ्या मनातून जात नाही. तो गटात असता तर बहुधा जुलैतच त्याने विचारले असते. त्याचा अतिआत्मविश्वास जितका खरा, तितकेच हेही खरे की आम्ही त्याचा विचारण्याचा रस्ता बंद केला.

नवख्यांच्या या आत्मविश्वासाला केवळ उर्मटपणा म्हणणे मला आता पटत नाही. कुत्र्याला चुकीचे खायला घातले तर बहुतेक वेळा दोन दिवसांत कळते. सरपटणारा प्राणी उत्तर द्यायला महिने लावतो. त्याला कॅल्शियम पचवायला ड जीवनसत्त्व लागते आणि इग्वानाच्या कातडीत ते यूव्हीबी किरणांमुळे तयार होते. खिडकीची काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते, उजेड आणि ऊब मात्र आत येऊ देते. म्हणजे काचेमागे प्राणी उन्हात बसलेला दिसतो, पण त्याला हवे ते मिळत नाही. दिव्याचेही तसेच आहे. नळीतला यूव्हीबी सहा महिने ते वर्षभरात बराच उतरतो, पण ती डोळ्यांना पहिल्यासारखीच लखलखीत दिसते. आपल्या हवेची फसवणूक वेगळी. खोलीत तीस अंश असले तरी दिव्याखालची बसायची जागा ३५ अंशांच्या वर हवी असते, आणि पावसाळ्यात तर आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. पालकातले ऑक्झलेट हे द्रव्य अन्नात आहे तेवढे कॅल्शियमही बांधून ठेवते. त्यापेक्षा शेवग्याचा पाला किंवा जास्वंदीची पाने कितीतरी बरी. हे सगळे चुकत असताना प्राणी खातो, वाढतो, हातावर बसतो. मग त्या मुलाने आपले बरोबर आहे असे का समजू नये?

मीही याच वाटेने आले आहे. पहिली दोन वर्षे माझी टाकी बंद खिडकीच्या काचेमागे होती आणि मला अभिमान होता की माझी कासवे भरपूर ऊन घेतात. गिरगावातले एक वयस्कर गृहस्थ एकदा घरी आले. त्यांनी एक कासव माझ्या तळहातावर ठेवले आणि कवचाच्या कडेला अंगठा लावून बघायला सांगितले. कड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी दबली. "काय वाटतं तुम्हांला?" एवढेच त्यांनी विचारले, आणि चहा होईपर्यंत गप्प बसले. त्या दिवशी मी जे शिकले, ते कोणी चारचौघांत सुनावले असते तर शिकले असते असे वाटत नाही.

पण गटात चाळीस माणसे असतात आणि प्रत्येकाच्या तळहातावर कासव ठेवता येत नाही. माझी अडचण अशी की चुकीचा सल्ला उघडपणे दिला जातो आणि तो वाचून तिसराच कोणी दिवा घेत नाही. सल्ला देणाऱ्याला खाजगीत समजावले तर ती मुलगी तशीच फसते. सगळ्यांसमोर खोडून काढले तर तो निघून जातो. तुम्ही अशा वेळी नेमके काय लिहिता? शिवाय, प्राण्याचे उत्तर नवख्याला लवकर दिसावे यासाठी कोणी काही सवय लावून पाहिली आहे का?

प्रतिसाद

ताई, मी अकरा वर्षे बॉल पायथन पाळतो आणि आमच्याकडे नेमकी उलटी घाई दिसते. हा साप कित्येक आठवडे खात नाही, ते पुष्कळदा साधे असते. पण आत्मविश्वास आलेला नवखा तिसऱ्या आठवड्यात बळजबरीने भरवायला जातो आणि सापाला इजा करतो. अनुभवाने मी एक पद्धत धरली आहे. चुकीच्या सल्ल्याखाली मी सल्ला देणाऱ्याशी वाद घालत नाही. ज्याने प्रश्न विचारला त्याला थेट उत्तर देतो, कारणासकट. उदाहरणार्थ, 'दिवा घ्याच, कारण काच यूव्हीबी अडवते.' मग सल्ला देणाऱ्याला वेगळे विचारतो, 'तुझ्याकडे बसायच्या जागेचे तापमान किती येते?' बहुतेकांनी मोजलेलेच नसते, आणि मोजायला लागल्यावर ते स्वतःच सावध होतात.

कायद्याच्या बाबतीत मात्र मी मऊ बोलत नाही. कोणी स्टार कासव आणायचे म्हणाला, तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळता येत नाही, हे सगळ्यांसमोर एका ओळीत लिहितो. तुमच्या त्या मुलालाही विचारा की इग्वानाची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी केली आहे का. २०२४च्या नियमांनी ती लागते आणि दुकानाची पावती तिच्या जागी चालत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार, दादा. विचारणाऱ्याला उत्तर द्यायचे, हे इतके सरळ असून मला सुचले नव्हते. मे महिन्यात मी त्या मुलीला एक ओळही लिहिली नव्हती, माझे सगळे लक्ष त्याला गप्प करण्यात होते. तिला आज फोन केला. तिने दिवा घेतलेला नाही.

मोजण्याचा मुद्दा आम्ही येत्या रविवारपासून अमलात आणतो आहोत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाने प्राण्याचे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करायचे आणि एकाच फरशीवर, वरून, एक फोटो काढून गटात टाकायचा. जुन्यांनीही, म्हणजे मीही. त्या मुलाला मी नोंदणीचे विचारले आहे, आणि गटात परत ये असेही सांगितले आहे. त्याने अजून होकार दिलेला नाही, पण काल इग्वानाच्या वजनाचा आकडा मात्र न मागता पाठवला. वाकड्या जबड्याच्या प्राण्याला पाला किती बारीक चिरून द्यावा, हे कोणाला अनुभवाने माहीत असेल तर कृपया इथेच लिहा, मी त्याला धाग्याचा दुवा देणार आहे.