गाडीच्या नेव्हिगेशनला उपग्रह सापडत नाहीत: दोष अँटेनात की यंत्रात?

इंदिरानगरकर: नमस्कार. पावसाळ्यानंतर माझ्या गाडीतील नेव्हिगेशन बिघडले आहे. नाशिकहून पिंपळगावकडे जाताना पडद्यावरील बाण महामार्ग सोडून द्राक्षबागांतून चालतो आणि द्वारका चौकात तर जागचा हलत नाही. उपग्रहांच्या पानावर दोन-तीनच पट्ट्या दिसतात, त्याही ठेंगण्या. याच सुमारास डॅशकॅमही बसवला होता. गॅरेजमध्ये संपूर्ण यंत्र बदलण्याचा सल्ला मिळाला. त्याआधी घरी काय तपासता येईल?

सातपूरवासी: द्वारकेचे निरीक्षण आपण बाद धरावे, कारण उड्डाणपुलाखाली आकाशच झाकलेले असते. गाडी तपोवनातील मोकळ्या जागेत उभी करून पंधरा मिनिटे थांबावे. जीपीएसचे संपूर्ण पंचांग (सर्व उपग्रहांच्या कक्षांची ढोबळ माहिती) उतरायला साडेबारा मिनिटे लागतात आणि उंचीसह स्थान ठरवायला किमान चार उपग्रह हवेत. डॅशकॅम नुसता बंद करू नये, त्याचा चार्जरही सॉकेटमधून काढावा, कारण हलक्या प्रतीच्या चार्जरचा गोंगाट १५७५.४२ मेगाहर्ट्झवरच्या जीपीएसच्या अत्यंत क्षीण संकेताला सहज गिळतो. तुलनेसाठी मोबाइल विमान मोडवर ठेवून डॅशबोर्डवर ठेवावा, अन्यथा तो टॉवरच्या आधारे स्थान दाखवील. त्याला उपग्रह नीट मिळाले, तर काच किंवा तिच्यावरची फिल्म निर्दोष आहे.

इंदिरानगरकर: सांगितल्याप्रमाणे केले. मोबाइलला भरपूर उपग्रह मिळाले. डॅशकॅम काढूनही गाडीच्या यंत्रात मात्र फरक पडला नाही.

अंबडचा ऑटो इलेक्ट्रिशियन: मग आता मल्टिमीटर घ्या. अशा अँटेनात बहुधा संकेत वाढवणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला वीज त्याच केबलमधून, यंत्राकडूनच मिळते. यंत्रामागचा, बहुतेक निळ्या रंगाचा, प्लग काढून यंत्राच्या बाजूच्या मधल्या पिनेवर लाल आणि बाहेरच्या कड्यावर काळी प्रोब धरा. गाडीची किल्ली फिरवल्यावर साधारण ३ ते ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. प्रोब धरताना दोन्ही टोके एकमेकांना टेकू देऊ नका, नाहीतर निरोगी यंत्राचेच नुकसान होईल. काहीच व्होल्ट नसतील, तर दोष यंत्राच्या बाजूला आहे. ओहम मोजून अँटेना चांगला की वाईट हे ठरवायच्या भानगडीत मात्र पडू नका. आत इलेक्ट्रॉनिक्स असल्याने तो आकडा फसवतो.

इंदिरानगरकर: प्लग काढलेला असताना ४.८ व्होल्ट दिसले. प्लगच्या आत हिरवट थर आहे.

अंबडचा ऑटो इलेक्ट्रिशियन: म्हणजे यंत्र वीज देत आहे, ते बदलण्याची घाई नको. हिरवा थर म्हणजे पाणी शिरून तांबे गंजले आहे, आणि पावसाळ्याचा आपला अंदाज त्याच्याशी जुळतो. त्याच व्होल्टेजचा व त्याच प्लगचा साधा चुंबकी अँटेना आणून तात्पुरता जोडा, सिरॅमिकची बाजू आकाशाकडे ठेवून टपावर चिकटवा आणि पट्ट्या पाहा. त्या वाढल्या, तर जुना अँटेना केबलसह बदला आणि पाणी कोठून शिरते ते शोधा, बहुधा टपावरच्या अँटेनाखालचे रबर वाळलेले असेल. वाढल्या नाहीत, तर यंत्राचा आतला रिसीव्हर तपासावा लागेल आणि ते काम यंत्र काढून दुरुस्तीच्या बाकावर घेऊनच होते.